सुगीतली होडी

फाल्गुन लागला की गावाच्या कडेकडेनं मळणीयंत्रांची घरघर सुरू होते आणि मला ती नकोशी होते. बाकीच्यांना या दिवसांत बरं वाटतं. वाटायलाच पाहिजे. ज्वारी काढून झालेली असते, कडब्याच्या गंजी उभ्या राहिलेल्या असतात, वाटेवरच्या बाभळी भुसकटानं पांढुरक्या झालेल्या असतात, आणि नव्या ज्वारीच्या भाकरीची ती जराशी गोडसर चव घराघरात पोचलेली असते. मला मात्र त्या घरघरीच्या आड दुसरा एक आवाज ऐकू येतो, आमच्या पत्र्याच्या शेडमधला. साखळी सर्र ओढली जाते, पंखा घुर्र फिरतो, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा सर्र. ते मधलं 'काही नाही' जरा लांबलं की माझा परातीतला हात थांबतो. इतकी वर्षं झाली, तरी थांबतो.

शेडमधला आवाज यांचा. हे म्हणजे आमचे यजमान, नागनाथ. आमच्या गावात, सास्तूरात, त्यांना नागूआप्पा म्हणतात आणि कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखतात. कमी बोलणारा हा गावाचा शब्द. माझा विचाराल तर दगड. लग्न झालं तेव्हा मला वाटलं लाजतात. मग वाटलं रागावलेत. मग मुलगी झाली, ती शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी यांचं आपलं 'हं', 'व्हय' आणि 'बघू'. मी शाळेत मराठी शिकवते. दिवसभर वर्गात बोलून यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन भिंतीशी बोलायचं, याची मला सवय झाली होती. सवय कशाची होत नाही?

एका वर्षी मार्गशीर्षात ज्वारीला पाणी देताना हे बांधावर बसले आणि उठले नाहीत. धाकटा दीर दत्ता शेजारच्याच पट्टीत होता म्हणून धावला. तो नसता तर, हे वाक्य मी अजून पुरं केलेलं नाही. सोलापूरला नेलं. नळदुर्गच्या पुढं ट्रकांची ही लांब रांग, आणि मी गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ट्रकवाल्यांना शिव्या देत होते. मास्तरीण बाई! येत होत्या तेवढ्या सगळ्या दिल्या. मागच्या सीटवर यांचं डोकं दत्ताच्या मांडीवर होतं आणि ओठ निळसर पडत चालले होते.

वाचले. छातीत स्प्रिंगा बसवल्या. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलंय, आता इथून पुढं जपायचं. वजन उचलायचं नाही. पाण्याची घागरसुद्धा नाही. नळ्या काढल्यावर यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मी कान त्यांच्या ओठांशी नेला. वाटलं माझं नाव घेतील, निदान लेकीचं तरी. तर म्हणाले,

"सुगीला पोतं पेलंल का गं मला?"

मी बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या खांबाला टेकून मनसोक्त रडले. दुःखानं नाही हो, संतापानं.

हे पोत्याचं सांगायला पाहिजे. आमच्या घरात रीत आहे. ज्वारीची रास झाली, पूजा झाली, की पहिलं पोतं घरधन्यानं पाठीवर घ्यायचं आणि बांधावर उभ्या केलेल्या बैलगाडीपर्यंत न्यायचं. मुक्यानं. राशीपासून गाडीपर्यंत नेणाऱ्यानं बोलायचं नाही आणि बघणाऱ्यांनीही नाही. बोललं की रास उणी पडते म्हणतात. पडताळा कुणी पाहिलेला नाही, कारण कुणी कधी बोललेलंच नाही. आणि एक पोटकलम आहे: घरधनी असताना ते पोतं दुसऱ्यानं न्यायचं नाही. दुसऱ्यानं नेलं म्हणजे घरधनी गेला. सासरे गेले त्या सुगीला यांनी पहिल्यांदा नेलं, तेव्हा बायका मोठ्यानं रडल्या होत्या म्हणे. म्हणजे या माणसाच्या डोक्यात हिशेब सरळ होता. पोतं पेललं तर मी आहे, नाही पेललं तर मी नाही. आणि माझ्या डोक्यातला हिशेब त्याहून सरळ होता. पोतं उचललं तर हा माणूस राहत नाही.

डॉक्टरांनी व्यायामासाठी खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथं फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. चालणं हे पहिलं औषध, पण यांचा डावा गुडघा जुनाच दुखरा, थोडं चाललं की टम्म सुजायचा. सायकलवर बसवलं तर तो आणखीच कुरकुरला. मग त्यांनी रोइंग मशीनवर बसवलं. लांबलचक रूळ, त्यावर मागंपुढं सरकणारी बैठक, पुढं पिंजऱ्यात पंखा, पंख्याला साखळी, साखळीला दांडा. जागेवर बसून होडी वल्हवायची, फक्त पाणी नाही. अंगाचा भार गुडघ्यावर येत नाही आणि गुडघा झेपेल तेवढाच वाकवायचा, म्हणून हे बरं, असं मॅडम म्हणाल्या. यांच्या अंगाला तारा चिकटवून, नाडी बघत बघत, थोडं थोडं करत किती खेपा केल्या आम्ही सोलापूरच्या! शेवटी डॉक्टर म्हणाले, जमतंय, आता घरी करा, पण जवळ कुणीतरी पाहिजे. कुणीतरी म्हणजे मी.

नळदुर्गला हायवेवरची एक व्यायामशाळा बंद होऊन तिथं ढाबा होणार होता. दत्तानं तिथलं मशीन टेम्पोत घालून आणलं. भूकंपानंतर बांधून मिळालेलं आमचं घर दोन खोल्यांचं. मशीन आत मावेना, म्हणून शेडमध्ये टाकलं. अख्खी आळी बघायला जमली. त्याला मशीन कुणी म्हणेचना, पहिल्या दिवसापासून 'होडी'. येता-जाता थट्टा सुरू झाली. "आप्पा, होडी कुठवर आली?" "नळदुर्ग मागं पडलं का न्हाय अजून?" "येताना मासं आणा वो जरा!" हे खाली मान घालून हसायचे. मला हसू येत नव्हतं. माझा जीव त्या रुळावर पुढंमागं होत होता आणि लोकांना मासे सुचत होते.

पहिल्याच सकाळी लुंगीचा सोगा बैठकीखालच्या चाकात गेला. हे जागच्या जागी अडकले आणि मी कात्री आणायला धावले. दुसऱ्या दिवसापासून जावईबापूंची जुनी ट्रॅकपँट. ती बघायला आळी पुन्हा जमली. माझाही पदर मी कमरेला गच्च खोचून ठेवू लागले, कारण सारखी वाकून वाकून यांचे पाय बघायचे असत. पाय ठेवायच्या फळीवरचा पट्टा पावलाच्या फुगीर भागावरून, बोटांच्या मुळाशी, यायला हवा. दांडा बोटांच्या आकड्यात धरायचा, मुठीत आवळायचा नाही. मनगटं सरळ. खांदे खाली. सुरुवात करताना अंग कमरेतून पुढं, पाठ ताठ, हात लांब. आणि मग क्रम, सगळा जीव त्या क्रमात आहे असं मॅडम सांगायच्या. आधी पायांनी लोटायचं, हात तसेच लांब. पाय सरळ होत आले की कमरेतून थोडंसं मागं रेलायचं. सगळ्यात शेवटी हात, दांडा बरगड्यांच्या खालपर्यंत. परतताना बरोब्बर उलटं, आधी हात, मग कंबर, मग गुडघे. आणि परतताना घाई करायची नाही, ओढायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ घ्यायचा.

सांगायला काय जातं! या माणसाची निम्मी हयात विहिरीवरून पाणी शेंदण्यात गेलेली. शेंदताना पाय रोवलेले असतात, ओढतात ते हात आणि पाठ. होडीवर बसले की तेच. आधी कोपरं वाकायची, पाठीचा कुबडा व्हायचा आणि पाय बिचारे मागून यायचे, वरातीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे.

"अहो, विहीर न्हाय ही! पाय आधी!"

"व्हय."

"व्हय काय, हात आले की पुन्हा!"

मी लाटणं आणून त्यांच्या पाठीच्या कण्यावर उभं धरायचे. लाटणं आणि पाठ यांच्यात फट दिसली की ओरडायचे. 'पाय, कंबर, हात. हात, कंबर, गुडघे.' भाकरी थापतानाही तोंडात तेच. वर्गात एकदा फळ्याकडं वळून मी चक्क 'पाय, कंबर' असं पुटपुटले आणि मुली खुसखुसल्या. हसा बायांनो, म्हटलं, तुमचं अजून काय जातंय.

पाठीचं जमत आलं. श्वासाचं मात्र काही केल्या जमेना, आणि खरी भीती श्वासाचीच होती. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणारा माणूस काय करतो? छाती भरून श्वास घेतो, ओठ मिटतो, गाल फुगवतो, आणि सगळं आत कोंडून उठतो. यांना दुसरं काही येतच नव्हतं. दांडा हातात आला की ओठ मिटलेच. गळ्याच्या शिरा दोरीएवढ्या व्हायच्या, कपाळ लाल. मॅडमनी बजावलं होतं, "काका, पायांनी लोटताना श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. श्वास कोंडलात तर आतला दाब वाढतो. तुमच्या हृदयाला ते आता परवडायचं नाही." यांनी मान डोलावली होती आणि पुढच्याच ओढीला गाल फुगवले होते. तेव्हा मॅडम जरा विचार करून म्हणाल्या, "असं करा, काका, बोलत बोलत ओढा. बोलता येतंय म्हणजे श्वास चालू आहे आणि जोरही बेतात आहे. बोलणं तुटायला लागलं की वेग कमी करायचा. छातीत दुखलं, चक्कर आली, तर लगेच थांबायचं. तरीसुद्धा दांडा हातातून सोडून द्यायचा नाही, साखळीला झटका बसतो. पुढं नेऊन जागेवर ठेवायचा."

बोलत बोलत! मॅडम, कुणाला सांगताय हे?

घरी पहिला आठवडा नुसता छळ होता. कोण कुणाला छळत होतं ते विचारू नका.

"बोला."

"काय बोलू?"

"काय पण बोला. आज भाजी काय खाणार?"

"कायबी चाललं."

संपलं. पुढची ओढ मुक्यानं, गाल फुगलेले. पाढे म्हणा म्हटलं, तर दोनच्या पाढ्यानंतर गाडी बंद. आरती म्हणा, तर ओठ हलायचे, आवाज नाही. मी हात जोडले. मी दटावलं. एका सकाळी मी लाटणं फेकून दिलं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर फतकल मारून बसले. म्हटलं, "माझ्याशी नका बोलू. आजवर कुठं बोललात? त्या छातीतल्या स्प्रिंगांशी बोला, त्या पंख्याशी बोला, पण बोला हो! तुमच्या पाया पडते!" शेजारची कुंपणावरून बघत होती. बघू दे. लाज वाटण्याच्या पलीकडं गेले होते मी.

आज मागं वळून बघताना वाटतं, त्या दिवसांत मी माणूस नव्हतेच, नुसता कान होते. दूध उतू जायचं, मला ऐकू यायचं नाही. शाळेची घंटा ऐकू यायची नाही. यांचा श्वास मात्र दोन भिंतींपलीकडून ऐकू यायचा. भाजी आणायला गेले तरी अर्ध्या वाटेतून परत. कुणी 'आप्पा कसे आहेत' म्हणून विचारलं की विचारणाऱ्याचा राग यायचा, नाही विचारलं तर जास्त यायचा. कुठल्या देवाला काय बोलले होते त्याची मोजदाद नाही. मला भीती वाटत होती. सरळ सांगते. या दगडावाचून मला या गावात एक दिवस काढता येणार नाही, हे मला इतक्या वर्षांनी कळलं होतं आणि कळून काही उपयोग नव्हता.

लाटणं फेकलं त्या सकाळी यांनी दांडा पुन्हा बोटांच्या आकड्यात धरला. मग पाय लोटले आणि ओढता ओढता म्हणाले, "येशीतनं आत आलं की डाव्या अंगाला शंकर सुताराचं घर."

मी मान वर केली. हे परत पुढं गेले, पाय लोटले. "त्याच्या म्होरं पारूबाईचं. लई खाष्ट बाई." पुन्हा सर्र. "मग खाजामियाचं. दारात पेरूचं झाड." पुन्हा सर्र. "मग चावडी."

जुनं गाव होतं ते. जे भूकंपात एका पहाटे जमिनीवर बसलं, ते. मी सून म्हणून आले ती या नव्या गावात, सरळ रस्त्यांच्या, एकसारख्या घरांच्या. जुन्या गावाबद्दल यांनी मला कधी चकार शब्द सांगितला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, इथं ते कुणी कुणाला विचारत नाही. आणि आता हे होडीवर बसून गल्लीतनं चालले होते. एका ओढीला एक घर. कुणाच्या दारात रांजण, कुणाची म्हैस मारकी, कुणाकडं पहिला रेडिओ आला. श्वास सुटत होता, शब्दाबरोबर सुटत होता. शिरा खाली बसल्या होत्या. मी तोंडावर पदर धरून ऐकत राहिले.

मग रोज सकाळी तेच. उन्हं वर यायच्या आत, आधी सावकाश अंग मोकळं करायचं, मग घरं, शेवटी पुन्हा सावकाश. कधी वरच्या आळीतून शिरायचे, कधी वेशीतून. एका जागी मात्र, चावडीच्या मागच्या बोळात, ते एक ओढ मुक्यानं घ्यायचे आणि मग पुढच्या घराचं नाव सांगायचे. त्या जागी कुणाचं घर होतं ते मला ठाऊक होतं. सासूबाईंनी एकदा दगडांचा ढीग दाखवला होता, हे आपलं घर म्हणून. त्या एका ओढीला मी 'बोला' म्हणायचे नाही. जीव मुठीत धरून उभी राहायचे, पुढचं नाव येईपर्यंत.

हे असंच चाललं असतं तर मी सुखी झाले असते. पण माघ संपत आला, शेतात कणसं खुडायला माणसं उतरली, आणि एका सकाळी मला होडीचा आवाज वेगळा लागला. जड. घरं येत होती, पण मध्ये मध्ये तुटत होती. पंख्याच्या पिंजऱ्याला बाजूनं एक खटका असतो, त्यावर एक ते दहा आकडे. मॅडमनी तो खाली, तीन-चारच्या आसपास, ठेवायला सांगितला होता. मोठा आकडा म्हणजे मोठा व्यायाम नव्हे काका, म्हणाल्या होत्या, नुसतं मशीन जड होतं, पाठीला आणि हृदयाला ताण. जाऊन बघते तर खटका दहावर.

"हे कुणी केलं?"

"म्या."

"कशापायी?"

हे दांडा जागेवर ठेवून शेताकडं बघत बसले. "जोर यायला नगं?"

"जोर कशाला पाहिजे तुम्हाला? कोणती कुस्ती मारायचीय?"

यांची नजर शेतावरून हलली नाही. बोलायची गरजही नव्हती. इतके दिवस मला वाटत होतं हा माणूस जगण्यासाठी वल्हवतोय. हा तर पोत्यासाठी वल्हवत होता! माझ्या तोंडात जे येईल ते मी बोलले. "मग मी काय पांढऱ्या कपाळानं रास बघू? डॉक्टरनं घागर उचलू नको म्हटलंय, घागर! कळतंय का?" दत्ता चहा प्यायला आला होता, तो घाबरून मध्ये पडला. "दादा, ह्या वर्षी पोतं म्या नेतो की. त्यात काय एवढं?" यांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो कप तसाच ठेवून चपला शोधायला लागला.

दत्ता गेल्यावर हे म्हणाले, "त्यानं नेलं म्हंजी म्या मेलो."

"आणि तुम्ही नेलं म्हणजे?"

"बघू."

त्या 'बघू'ला मी काय करणार होते? आण्णांकडं गेले. आण्णा म्हणजे माझे चुलत सासरे, घरात सगळ्यात वडील, राशीची पूजा त्यांच्या हातची. डोक्यावर पदर घेऊन, उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, "आण्णा, यंदा ही रीत सोडा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील." आण्णा वाईट माणूस नाहीत. त्यांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली. मग म्हणाले, "पोरी, म्या न्हाय म्हनलो तर त्यो जित्तेपनी मेल्यावानी ऱ्हाईल. त्याचं त्याला ठरवू दे." ते मला 'पोरी' म्हणाले म्हणूनच मला रडू आलं, आणि मी पदरात काही न पडता परत आले.

खटका मी रोज खाली आणत होते. होडीच्या छोट्या पडद्यावर आकडे येतात, किती अंतर, किती वेग. यांची नजर त्यावरच खिळायला लागली होती, म्हणून त्यावर मी जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवून टाकलं. हे रागावले नाहीत. घरं म्हणत राहिले. पण आवाजात काहीतरी बदललं होतं, आणि मी शेडच्या खांबाला धरून मनात फाल्गुन मागं ढकलत होते. ज्वारी उशिरा वाळू दे. मळणीयंत्राचा ट्रॅक्टर बिघडू दे. अवकाळी पाऊस पडू दे. हो, शेतकऱ्याची बायको असून मी अवकाळी मागितला. पडला नाही. ज्वारी वेळेवर वाळली, ट्रॅक्टर वेळेवर आला.

त्या दिवशी रास चांगली पडली. यंत्र बंद झालं तेव्हा कान बधिर झाले होते, आणि भुसकट उन्हात तरंगत होतं. माणसं डोळे पुसत राशीभोवती जमली. आम्ही बायका मागं, कडब्याच्या सावलीला. आण्णांनी राशीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि हात वर केला. हात वर केला म्हणजे आता कुणी बोलायचं नाही. बैलाच्या गळ्यातलं घुंगरूसुद्धा दत्तानं हातात धरलं.

यांनी टॉवेल डोक्याला गुंडाळला. पाय फाकवून राशीपुढं वाकले. दोघा गड्यांनी पोतं उचललं आणि त्यांच्या पाठीकडं आणलं. हल्लीची पोती पन्नास किलोची असतात, पण माझ्या डोळ्यांना ते अख्ख्या शेताएवढं दिसलं. मी यांचा चेहरा बाजूनं बघत होते. छाती भरली. ओठ मिटले. गाल फुगले. गळ्याच्या शिरा वर आल्या.

मी काही ठरवलं नव्हतं. ठरवून असं काही होत नाही. मी कडब्याच्या सावलीतून पुढं आले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "अहो, बोला!"

सगळी माणसं माझ्याकडं वळली. आण्णांचा हात अजून वरच होता. कुणाची तरी बायको 'अगं बाई' म्हणाली आणि तिनं स्वतःचंच तोंड दाबलं. मी थांबले नाही. "तोंड उघडा! श्वास कोंडलाय तुम्ही! बोला हो, रास उणी पडली तर पडू दे, बोला!"

पोतं पाठीला नुकतं टेकलं होतं, भार अजून गड्यांच्या हातात होता. हे वाकलेले, डोळे जमिनीवर. बराच वेळ काही नाही. मग त्यांचे ओठ सुटले. आधी नुसती हवा आली, लांब, आवाज करत. मग ते काहीतरी म्हणाले, ते फक्त जवळच्या गड्याला ऐकू गेलं आणि त्यानं पोतं पटकन मागं ओढलं.

हे सरळ उभे राहिले. डोक्याचा टॉवेल काढला. आण्णांकडं बघितलं, मग दत्ताकडं, मग जमलेल्या सगळ्या माणसांकडं, आणि या माणसाचा एवढा मोठा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"पेलत न्हाय मला," हे म्हणाले. "जित्ता हाय म्या. पन पेलत न्हाय."

आणि राशीच्या कडेला, ज्वारीतच, खाली बसले. मी धावले. सासरेमंडळी उभी होती, डोक्यावर पदर नव्हता, कशाचं भान नव्हतं. त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि बरगड्यांवर हात ठेवला. बरगड्या वर जात होत्या, खाली येत होत्या, पुन्हा वर. मी तेवढंच बघत होते. पाठीमागं माणसं हलली, आण्णा कुणाला तरी काहीतरी म्हणाले, घुंगरू वाजलं, गाडी करकरली. पहिलं पोतं त्या वर्षी गाडीपर्यंत कुणी नेलं, ते मला आजही सांगता येणार नाही.